फोटोतला सर्वांत अंधूक तारा: मर्यादा कशी काढायची

तारा फोटोत दिसणं वेगळं आणि त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तारा जितका अंधूक, तितकी प्रत मोठी) मोजता येणं वेगळं. मर्यादा बहुतेक वेळा ५ सिग्माची धरतात, म्हणजे ताऱ्याचा सिग्नल नॉइजच्या (पिक्सेलच्या आकड्यांतल्या यादृच्छिक चढउताराच्या) पाचपट. तिथे मोजमापातली चूक साधारण ०.२२ प्रत येते. ३ सिग्मा धरलात तर तीच ०.३६ होते, म्हणून आकड्यासोबत सिग्मा लिहायलाच हवा.

डार्क (सेन्सरचा स्वतःचा सिग्नल काढणारी फ्रेम) आणि फ्लॅट (कोपऱ्यांतला अंधार सुधारणारी फ्रेम) लावलेली, पण स्ट्रेच न केलेली (अंधूक भाग दिसावा म्हणून न उजळलेली) फिट्स फाइल (खगोलफोटोंचा फॉरमॅट) घ्या. स्ट्रेच केली की प्रकाश आणि पिक्सेलचा आकडा यांचं प्रमाणच मोडतं. ताऱ्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजा. समजा ४ पिक्सेल आली, तर ॲपर्चरची, म्हणजे ताऱ्याभोवती मोजमापासाठी आखलेल्या वर्तुळाची, त्रिज्याही ४ ठेवा. तुमच्याच फिल्टरमधल्या प्रती देणारा कॅटलॉग निवडा. सॅच्युरेट न झालेले (पिक्सेलची कमाल मर्यादा न गाठलेले), शेजारी कुणी नसलेले वीस-तीस तारे मोजून प्रत्येकाची कॅटलॉगमधली प्रत + २.५ × लॉग(काउंट) काढा (लॉग १० च्या पायाचा; काउंट म्हणजे ॲपर्चरमधल्या पिक्सेलच्या आकड्यांची पार्श्वभूमी वजा केलेली बेरीज). त्यांचा मध्यक हा झीरो पॉइंट. पुढे सगळीकडे हेच ॲपर्चर वापरलंत, तर कडेबाहेर सांडलेला प्रकाश यातच हिशोबात येतो.

आता नॉइज. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. समजा एका पिक्सेलचा नॉइज ६ काउंट आणि ॲपर्चरमध्ये ५० पिक्सेल आहेत: ६ × √५० = ४२. झीरो पॉइंट २५ असेल तर मर्यादा २५ − २.५ × लॉग(५ × ४२) = १९.२. छान दिसते, पण स्टॅक करायला, म्हणजे अनेक फ्रेम एकत्र करायला, फ्रेम जुळवताना पिक्सेल सरकवले जातात, शेजाऱ्यांचा नॉइज एकमेकांत मिसळतो आणि एकट्या पिक्सेलचा नॉइज फसवा कमी दिसतो.

म्हणून तारे मास्क करा (मोजणीतून वगळा), रिकाम्या आकाशात त्याच आकाराची पाचशे ॲपर्चर टाका आणि ताऱ्यांसारखीच पार्श्वभूमी वजा करा. बेरजांचा मध्यकापासूनचा मध्यक फरक (अधिक-उणे चिन्ह सोडून) × १.४८२६, हा खरा नॉइज. तो ६० निघाला तर मर्यादा १८.८ वर येते. ही ०.४ प्रत कागदावरचीच होती!

फोकस बिघडून ताऱ्याची रुंदी दुप्पट झाली की सुमारे ०.७५ प्रत जाते. चौपट फ्रेम स्टॅक केल्या की तेवढीच मिळते. फ्लॅटने कोपरे उजळतात, पण तिथला नॉइजही वाढतो. कोपऱ्यांची मर्यादा वेगळी काढा. दीर्घिकांना हा आकडा लावू नका, त्यांचा प्रकाश पसरलेला असतो.

पडताळणीसाठी ठरावीक प्रतीचे खोटे तारे फोटोत पेरा आणि ५ सिग्माच्या अटीवर शोधा. १८.८ च्या आसपास निम्मे सापडायला हवेत. १८.४ लाच निम्मे हरवत असतील, तर ताऱ्यांची गर्दी किंवा नीट न निघालेली पार्श्वभूमी तपासा.