टायमिंग बेल्ट घरी बदलायचा की मेकॅनिककडे द्यायचा?

टायमिंग बेल्टचा खर्च विचारला की बेल्ट स्वस्त आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट, असंच उत्तर येतं, आणि मग डोक्यात येतं की एक रबरी पट्टा काढून दुसरा घालायचा तर आपणच का नाही करायचं. मीही असाच एकदा करायला घेतला. झाला पण, गाडी नीट चालली, पण पट्टा घालायला लागली पंधरा मिनिटं आणि तिथपर्यंत पोचायला गेला अख्खा दिवस. मजुरी त्या दिवसाची असते हे तेव्हा कळलं.

आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा की बेल्ट आहे की चेन. बऱ्याच इंजिनांना चेन असते, तिला ठरलेल्या किलोमीटरला बदलायची भानगड सहसा नसते. काही इंजिनांत बेल्ट आतमध्ये ऑइलमध्येच फिरतो, तसा असेल तर घरी करायचा विचार सोडा आणि सरळ गॅरेज गाठा.

बेल्टचं काम काय, तर क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची जोडी सांभाळणं. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे गणित एका दातानेही चुकलं की गाडी थरथरते, ओढत नाही. जास्त चुकलं किंवा चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात तिथे पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. आणि तुटायच्या आधी आवाज वगैरे येईलच असं नाही, ती चूं-चूं बहुतेक वेळा बाहेरच्या फॅन बेल्टची असते. म्हणून किलोमीटर बघूनच बदलायचा. इंजिनाप्रमाणे साधारण ६०,००० ते १,६०,००० किमी किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली वर्षं, जे आधी येईल ते. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

आता घरी करायचं का? माझ्या मते तीन गोष्टी बघा. बोनेट उघडून बेल्टच्या बाजूला हात जातो का, तुमच्या इंजिनाची पूर्ण पद्धत टॉर्कच्या, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्या, आकड्यांसकट हातात आहे का, आणि क्रँकच्या पुलीला चावी, म्हणजे तिला खाचेत अडकवून ठेवणारा धातूचा छोटा तुकडा, आहे का. काही इंजिनांत ती चावी नसते, पुली फक्त बोल्टच्या दाबावर धरलेली असते, तिथे क्रँक-कॅम लॉक करायच्या खास पिना नसतील तर हात लावू नका. हात जात नसेल, पद्धत नसेल, किंवा चावीही नाही आणि पिनाही नाहीत असं असेल तर मेकॅनिक. आणि गाडी उद्या सकाळी लागणारच असेल तरी मेकॅनिकच, कारण घाईत हेच काम हमखास बिघडतं.

करायचंच ठरलं तर नुसता बेल्ट आणू नका, पूर्ण किट आणा: बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग नंतर गेलं तर नवा बेल्टही जातो आणि सगळं परत उघडायचं.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी सपाट जागेवर जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नको. चाक काढा, बाहेरचा बेल्ट काढा. मग क्रँक पुलीचा बोल्ट, सगळ्यात जास्त घाम हाच काढतो. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा, नाहीतर पुली धरायचं हत्यार लागतं. सेल्फ मारून बोल्ट सोडवायचा जुगाड करू नका आणि टायमिंगच्या पिनांच्या आधारावर तर मुळीच जोर लावू नका, त्या जागा दाखवायला आहेत, जोर सोसायला नाहीत.

बोल्ट नुसता सैल झाला की गाडी न्यूट्रलला घ्या, क्रँक हाताने फिरवून खुणा जुळवा, म्हणजे पहिला पिस्टन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी आणि क्रँक आणि कॅमच्या खुणा इंजिनावरच्या आपापल्या खुणांसमोर. आधी बोल्ट आणि मग खुणा, कारण बोल्टला जोर लावताना क्रँक हलतोच. आता पुली आणि कव्हर काढा. त्या बाजूचं इंजिन माउंटिंग आड येत असेल तर इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या आणि मगच माउंटिंग सोडा.

पिना लावा, टेन्शनर ढिला करा, बेल्ट काढा. इथून पुढे क्रँक किंवा कॅम हलवायचा नाही. पिन नसेल तर काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम खटकन फिरतो, दचकू नका, पण परत जागेवर कसा आणायचा ते आधी वाचून ठेवा. क्रँक-कॅमच्या सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) ऑइल गळतंय का बघा, गळत असेल तर आत्ताच बदला, नव्या बेल्टला ऑइल किंवा कूलंट लागलेलं चालत नाही. पंप बदलणार असाल तर कूलंट काढून घ्या आणि तिथली जागा कोरडी पुसा.

नवा बेल्ट मुडपू नका, पिळू नका, त्यावर बाण असेल तर तो फिरायच्या दिशेला. क्रँकपासून सुरू करून टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत चढवा, सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे आला पाहिजे. टेन्शनर मॅन्युअलप्रमाणे सेट करा, पिना काढा.

आता सेल्फ मारायचा मोह आवरा. क्रँक हाताने, इंजिन चालताना जसं फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. मधेच कडक अडलं तर जोर लावू नका, उलगडून परत बघा. दोन फेऱ्यांनी पुलीवरच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. बेल्टवर छापलेल्या रेघा जुळणार नाहीत, त्या फक्त चढवण्यापुरत्या असतात, त्या बघून मी उगाच तासभर घाबरलो होतो. पण त्याच फेऱ्यांत माझा कॅम खरोखरच एक दात मागे असल्याचंही दिसलं, परत उतरवून चढवला. हे न करता सेल्फ मारला असता तर!

खुणा जुळल्या की टेन्शनर परत तपासा, सगळं उलट क्रमाने लावा, बोल्ट टॉर्क रेंचनेच, आणि जिथे नवा बोल्ट वापरा म्हटलंय तिथे नवाच. कूलंट भरून हवा काढा.

मेकॅनिककडे देणार असाल तर एवढंच विचारा की किट पूर्ण टाकणार का, वॉटर पंप त्यात आहे का, त्या इंजिनाच्या लॉकिंग पिना आहेत का. 'खुणा पेनने मारतो, चालतं' असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. जुने पार्ट परत मागून घ्या, बिलावर किलोमीटर लिहून घ्या, आणि घरी केलंत तरी तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी बोनेटखाली चिकटवा.