अंगात रग आहे म्हणून झोप कमी चालत नाही: जवानांनी आणि भरतीच्या पोरांनी या चुका टाळा

सोळाशे मीटर वेळेत मारणारा, बीमवर दहा पुल-अप काढणारा गडी जागरणाला भीत नाही. फौजेत गेल्यावरही हा भ्रम सुटत नाही. पण व्यायामाने दम वाढतो. झोपेविना मंदावलेलं डोकं त्याने ताळ्यावर येत नाही.

"मला काही होत नाही" म्हणणं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. रात्र जागून काढली तरी पाठीवर ओझं घेऊन चालता येतं, हातातली ताकदही फारशी घटत नाही. आधी ढळतं ते लक्ष. पहाऱ्यावर समोरची हालचाल उशिरा टिपली जाते, वायरलेसवरचा निरोप अर्धाच कानात शिरतो. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो. रोज सहाच तास झोपून दोन आठवडे काढले, तर डोकं दोन रात्री अजिबात न झोपल्याइतकं मंद होऊ शकतं, आणि ज्याचं होतं त्याला ते धड कळतही नाही. म्हणून जोडीदार "जरा पड" म्हणाला तर ऐका. 2017 मध्ये अमेरिकी नौदलाच्या फिट्झजेराल्ड आणि जॉन एस. मॅककेन या युद्धनौकांची व्यापारी जहाजांशी टक्कर होऊन 17 खलाशी गेले. कारणांमध्ये थकवाही होता.

नडगी दुखत असताना पळणं. बारापर्यंत मोबाईल आणि चारला ग्राउंड, हे हाडांना झेपत नाही. इस्रायली सैन्यात रिक्रूटांना किमान सहा तास झोप सक्तीची केली, पायी चालायचं अंतरही कमी केलं, तेव्हा हाडाला बारीक तडे जाण्याचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घटलं. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ असेल, तर पळणं बंद करून डॉक्टर गाठा.

चहा-कॉफीवर रात्र काढणं. नेव्ही सील्स या अमेरिकी नौदलाच्या कमांडोंच्या 'हेल वीक' या खडतर प्रशिक्षणाच्या आठवड्यात सुमारे तीन दिवसांच्या जागरणानंतर 200 मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर सावधपणा सुधारला. नेमबाजी मात्र सुधारली नाही. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे ड्यूटी सुटायच्या तोंडावर कप घेऊ नका.

डुलकीला आळस समजणं. वीस मिनिटं मिळाली तरी पडा. फक्त उठल्या उठल्या गाडी हाती घेऊ नका. गुंगी उतरायला पाव ते अर्धा तास द्या.