या चुका टाळा: इंग्रजी शिकवता शिकवता विद्यार्थीच पुसला जातो तेव्हा

नागपुरात मानेवाडा रोडवर एका दुकानाच्या माडीवर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास चालतो. संध्याकाळच्या बॅचला मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी शोधणारी पोरं असतात, दोन-तीन गृहिणी, एखादे रिटायर्ड काका. 'विद्यार्थी-केंद्री अध्यापन' मी बीएडला घोकलं होतं. क्लास सुरू केला तेव्हा त्याचा अर्थ मी बाकं गोल मांडणे एवढाच घेतला. पोरं गोलात बसली आणि गोलात गप्प राहिली.

'मायसेल्फ'चा साचा

लक्षण ओळखायला सोपं. मुलगा स्वतःची ओळख दोन मिनिटं धडाधड सांगतो आणि पहिल्या उलटप्रश्नाला अडकतो. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात काम करणाऱ्या एकानं 'माय हॉबी इज रीडिंग' म्हटलं. कोणतं पुस्तक, विचारलं तर खाली बघायला लागला. त्या पाठ केलेल्या परिच्छेदात तो स्वतः कुठेच नव्हता. मग विचारलं, प्लायवूडला कोणता स्क्रू आणि भिंतीला कोणता? तोडकंमोडकं का होईना, तो बोलत राहिला. बॅचमधल्या दोघांनी तर त्याला भावही विचारले! तेव्हापासून पाठ केलेली ओळख मी बंद केली. सकाळपासून इथं येईपर्यंत काय काय केलं, तेवढं सांगायचं.

दुसऱ्याच्या आयुष्याचे संवाद

पुस्तकात प्रसंग होता विमानतळावरचा. डब्यांचा व्यवसाय करणारी एक ताई तीन आठवडे त्यात 'येस' आणि 'नो'च्या पुढे जाईना. मी तिच्या नावापुढे 'कॉन्फिडन्स कमी' असं लिहूनही टाकलं होतं. एके दिवशी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, दोन महिने पैसे थकवलेल्या गिऱ्हाइकाला फोन लावा, गिऱ्हाईक मी. ताई सरसावून बसली. "पे टुडे. टुमारो नो डबा!" मी सबबी सांगत गेलो, ती एकेक खोडत गेली. व्याकरण नंतर बसवलं: 'इफ यू डोन्ट पे टुडे...' हे वाक्य तिला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

भाषा-अभ्यासक बॉनी नॉर्टन यांनी कॅनडात स्थलांतरित झालेल्या बायकांचा अभ्यास करून १९९५ साली जे मांडलं, ते मला या ताईमुळे कळलं. त्यातली चेकोस्लोव्हाकियातून आलेली एक आई फोनवर बोलायला घाबरायची. घरमालक वर्षभराचं भाडं मागायला लागला तेव्हा मात्र तीच त्याच्याशी तासाभराहून जास्त भांडली, कारण घर सांभाळणारी ती होती. शिकणारा लाजरा की धीट, हे कायमचं ठरलेलं नसतं. आपण त्याला कोण म्हणून बोलायला उभं करतो, यावर ते फिरतं. नॉर्टन यांनी त्यासाठी प्रेरणेऐवजी 'गुंतवणूक' हा शब्द वापरला. आम्हा क्लासवाल्यांना तो लगेच समजावा.

"आधी मराठी तर नीट बोल"

हे वाक्य मीही बोललोय, त्याची लाज वाटते. आपल्याकडचा मुलगा घरी नागपुरी बोलतो, सीताबर्डीच्या बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. दिवसातून तीनदा भाषा बदलणाऱ्याला आपण 'लँग्वेज वीक' म्हणतो.

आणि ज्या बोलीला हसतो, तीच कामाला येते. पुस्तकी मराठीत 'मी जातो' म्हणजे 'आय गो' की 'आय ॲम गोइंग', हे संदर्भावरून ठरवावं लागतं. आपलं 'जाऊन राहिलो' चालू असलेली क्रिया सरळ दाखवतं. फळ्यावर 'जाऊन राहिलो' आणि 'ॲम गोइंग' शेजारी शेजारी लिहा, चालू वर्तमानकाळ अर्ध्या तासात होतो. एक खड्डा तेवढा सांभाळा. 'समजून राहिलं' वरून पोरं 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणतात. अंडरस्टँड, नो, लाइक, वॉन्ट या सहसा '-इंग' न लागणाऱ्या क्रियापदांची यादी त्याच दिवशी द्या.

मराठी बोलल्यास दहा रुपये दंड, हा प्रकारही करून पाहिलाय. दंडाचा डबा रिकामाच राहिला, कारण कोणी काही बोलेचना. वाक्याच्या मध्येच चूक दाखवणंही सोडा. कागदावर टिपून ठेवा, शेवटी दोनच सांगा.

उलटी चूक

एवढं शहाणपण आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. काटोलकडच्या एका पोराला दर वेळी संत्र्याच्या बागेवरच बोलायला लावायचो. महिनाभरानं तो म्हणाला, "सर, संत्र्यापासून पळूनच तर इथं आलो न मी. क्रिकेटवर बोलू द्या न." गाव आणि जात-धंदा बघून आपण ओळख चिकटवतो आणि तिलाच विद्यार्थी-केंद्री म्हणतो. भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचे अभ्यासक झोल्टान डोर्नेई यांनी २००५ मध्ये मांडलं की भाषा शिकणाऱ्याला पुढे ओढतो तो त्याच्या मनातला उद्याचा 'मी'. तो बघून सांगता येत नाही, विचारावाच लागतो.

म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर 'इंग्रजी का शिकायची?' हा प्रश्न मी काढून टाकलाय. त्यावर सगळेच 'करिअर' लिहायचे. आता विचारतो, "इंग्रजीत कोणाशी भांडायचंय?" या बॅचमध्ये बँक आली, मोबाइल कंपनी आली, एकाचा साळा आला. डब्यावाल्या ताईनं पाठवलेल्या तिच्या मैत्रिणीनं लिहिलं: "मुलीच्या टीचरशी."