उतारवयात वेगळं होताना घर आणि पेन्शनची वाटणी कशी करावी

पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेताना बहुतेकांची बोलणी फ्लॅटवर सुरू होतात आणि फ्लॅटवरच अडतात. माझं म्हणणं, सुरुवात पेन्शनपासून करा. घर विकता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं. पेन्शनचं यातलं काहीच करता येत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली, महाराष्ट्रात, परस्परसंमतीने वेगळं होणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. संसारात जमवलेलं निम्मं-निम्मं, असा कायदा आपल्याकडे नाही. गोव्यात आहे: तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांचा अर्धा-अर्धा हक्क धरतात. डोंबिवलीतल्या जोडप्याला तो आधार नाही. इथे घर ज्याच्या नावावर त्याचं, आणि बाकीचं तुम्ही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या लेखी अटींमध्ये, लिहाल तसं.

पहिली पायरी: कागद जमवा

इंडेक्स टू (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जाचा उतारा, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पीएफचं पासबुक, ठेवी, विमा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना घालून दिला आहे. भांडण नसलं तरी दोघांनी तोच भरावा; त्यात विसरायला जागा राहत नाही. स्त्रीधन मात्र वेगळ्या कागदावर लिहा. ते तिचंच आहे, वाटणीत येत नाही.

दुसरी पायरी: पेन्शनचा हिशेब

समजा नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला. शेवटचं मूळ वेतन ८०,००० रुपये, पेन्शन ४०,०००. बायकोने घर सांभाळलं, तिचं स्वतःचं उत्पन्न नाही. नवरा आधी गेला तर तिला साधारणपणे मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २४,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, असं कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळालं असतं. घटस्फोट झाला की ती नियमातल्या ‘कुटुंबा’त राहत नाही आणि हा हक्क संपतो. उलट बाजूने, बायको पेन्शनर असेल तर नवऱ्याचंही तेच. खासगी नोकरीतल्या ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेतल्या विधवा पेन्शनलाही हेच लागू. पेन्शन कार्यालय घटस्फोटित जोडीदाराच्या नावे हिस्सा तोडून देत नाही.

म्हणून दोन आकडे काढा. नवऱ्याच्या हयातीत पेन्शनमधला तिचा न्याय्य वाटा किती, आणि त्याच्या पश्चात तिचं बुडणारं उत्पन्न किती. मग तिच्या वयाच्या व्यक्तीला तेवढी रक्कम दरमहा आयुष्यभर हवी असेल तर इमिजिएट अॅन्युइटी योजनेत आज किती पैसे भरावे लागतील, हे एलआयसीच्या शाखेत विचारा. जो आकडा येईल तो पाहून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो, पण वाटाघाटी त्याच आकड्यावर व्हायला हव्यात.

आणि दोघांनाही पुन्हा लग्न करायचं नसेल तर वकिलाला न्यायिक विभक्तीबद्दल जरूर विचारा. त्यात वेगळं राहता येतं, पण नातं कायद्याने तुटत नाही, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क सहसा टिकतो. हा पर्याय आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात.

तिसरी पायरी: घर

किंमत रेडी रेकनरवरून (सरकारी दरपत्रकावरून) धरू नका, सरकारमान्य मूल्यांककाकडून काढून घ्या. ‘घर तुला, पेन्शन मला’ हा सौदा सर्रास होतो आणि मला तो पटत नाही. नव्वद लाखांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या बाईला सोसायटीचा मेंटेनन्स आणि औषधं भागवायला महिन्याचे पैसे लागतातच. घराबरोबर पीएफ किंवा ग्रॅच्युइटीतली एकरकमी रक्कम तिला मिळावी. नाहीतर घर विकून दोघांनी लहान घरं घ्यावीत.

घर एकाच्या नावावर करायचं ठरलं तर वेळेला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, शिवाय स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. घटस्फोटाच्या हुकुमानंतर तुम्ही नवरा-बायको नसता, मग ही सवलत नाही. जोडीदाराकडून आलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही, तेही नातं असेपर्यंतच. पण हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून बक्षीसपत्राची तारीख शेवटच्या सुनावणीच्या अगदी आधीची ठेवा. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी परवानगी लागेल. तुमच्या आपसातल्या करारामुळे बँक सहकर्जदाराला मोकळं करत नाही.

चौथी पायरी: अटी लिहिणं

मासिक पोटगी ठरत असेल तर वाढ लिहूनच घ्या. २०२५ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली होती, तो नमुना चांगला आहे. पोटगी देणारा गेला तर पुढे काय, तेही लिहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. एकरकमी पोटगी भांडवली जमा धरली जाते, मासिक पोटगी मात्र उत्पन्नात मोजली जाऊ शकते, म्हणून सीएशी आधी बोला.

पाचवी पायरी: कोर्ट आणि त्यानंतर

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जातला सहा महिन्यांचा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे न्यायालय माफ करू शकतं, पण घराचे कागद अर्धवट असतील तर ही माफी मागू नका.

हुकूम हाती आल्यावर पीएफ, विमा, बँक, डीमॅट आणि सोसायटी, सगळीकडचे नॉमिनी बदला आणि मृत्युपत्र नव्याने करा. फॅमिली फ्लोटर मेडिक्लेममधून (सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित आरोग्यविम्यातून) माजी जोडीदाराचं नाव निघतं. साठीच्या आसपास नवी पॉलिसी महाग पडते आणि जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागू शकतो. तेव्हा स्वतंत्र पॉलिसी हुकुमाच्या आधीच घ्या आणि पहिल्या काही वर्षांचा हप्ता कोण भरणार, ते कन्सेंट टर्म्समध्ये घाला.