पॉइंटर घरी कसा तयार करावा: परड्यापासून रिंगपर्यंत

पॉइंटर या शिकारी कुत्र्याचं पिल्लू आणलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, पॉइंट धरायला कसं शिकवायचं?" ते शिकवायचं नसतंच. पाखराचा वास लागला की जागच्या जागी थबकायचं, मान पुढे, शेपूट सरळ, एखादा पाय अधांतरी, हे या जातीच्या रक्तात आहे. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून ते पक्कं केलंय. आपल्याला शिकवायचं असतं ते उभं राहणं. पाखरू उडालं तरी, शेजारची म्हैस हंबरली तरी, रिंगमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या शोच्या आखाड्यात, परक्या माणसानं तोंड उघडून दात बघितले तरी. हे उभं राहणं कुत्र्याला सुखाचं वाटलं पाहिजे, भीतीचं नाही. शोसाठी आणि रानासाठी वेगवेगळं शिकवावं लागतं असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. पाया एकच आहे.

आमच्या घरात पॉइंटर आणले मामंजींनी. कोल्हापूर म्हणजे शिकारीच्या चित्त्यांचं गाव. शाहू महाराजांच्या काळात इथं चित्ते पाळले जायचे, त्यांच्याकरवी काळवीट मारायचे. मामंजींच्या बोलण्यात त्या जुन्या शिकारींचा वारा होता, पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर बंदूक भिंतीवर गेली आणि कुत्री तेवढी राहिली. मला त्यांनी हातात कासरा दिला तो त्यानंतरच्या काळात, म्हणून माझं सगळं शिक्षण पाखरू न मारता झालेलं आहे.

कायद्याचं आधीच सांगते, कारण माळावर हौसेनं कुत्री सोडणारे दिसतात. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, कुत्र्यानं पाठलाग करणं, हाकणं, अंडी-घरटी विस्कटणं, हेही त्यातच येतं. तित्तिर, लावा, टिटवी ही सगळी जमिनीवर घरटं करणारी पाखरं. टिटवी तर उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते, चार पावलांवर असली तरी दिसत नाहीत. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत माळावर कुत्रा मोकळा सोडायचाच नाही. इतर वेळीही कासरा लावूनच. रानातलं पाखरू आपल्या सरावासाठी नाही.

पिल्लू घेताना

आईला बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आई माणसांत मोकळी असेल तर अर्धं काम झालेलं असतं. कागद बघा: केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, आणि मायक्रोचिपचा १५ अंकी नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतोय का ते स्कॅनर लावून. नोंदणी नसेल तर शोचा विषय संपला. पांढरा रंग जास्त असलेल्या पिल्लांत जन्मजात बहिरेपण असू शकतं, म्हणून पिल्लू झोपलेलं असताना मागून टाळी वाजवून बघा. हवेचा झोत लागणार नाही इतक्या अंतरावरून.

पाखराची काठी, पण थोडीच

आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लापुढे वेताच्या काठीला दोरा आणि दोऱ्याला पीस बांधून जमिनीवर सरकवलं की पिल्लू झडप घालतं, चुकतं, परत झडप घालतं, आणि मग एकदम गोठतं. बघणाऱ्याचं मन भरून येतं. घरातली पोरं दिवसभर तोच खेळ खेळवतात आणि तिथंच नुकसान होतं. डोळ्यांनी पाखरू धरायची सवय लागली की कुत्रा पुढे सरपटत जायला शिकतो. पॉइंटर नाकाचा कुत्रा आहे. काठी दोन-चार वेळा दाखवा, पीस पकडू देऊ नका, पिल्लू गोठलं की काठी उचला आणि आत ठेवा. वेताची काठी आमच्याकडे कपाटावर असते, पोरांच्या हाताला लागत नाही.

पिसं आणायची कबुतरवाल्याकडून. कोल्हापुरात पेठापेठांत कबुतरं उडवणारे आहेत, त्यांच्या ढाबळीत गळलेली पिसं फुकट मिळतात. चिकनच्या दुकानातले पंख मी वापरत नाही. रक्ताचा वास लागलेला कुत्रा पुढे शेजाऱ्यांच्या कोंबड्यांवर जातो.

नाकाचा सराव

तीन-चार महिन्यांनंतर पिसं बारदानाच्या पिशवीत घालून परड्यात पाचटाच्या ढिगात लपवायची. कुठं लपवायची ते वारा सांगतो. चिमूटभर राख हवेत सोडा, ती जिकडे जाईल तिकडून कुत्रा आणायचा, म्हणजे वास त्याच्याकडे येतो. सरळ आणू नका, आडवा आणा, नांगराच्या तासासारखा एकदा इकडून एकदा तिकडून. वासाची रेघ ओलांडली की मान अशी झटक्यानं वळते, जणू कुणी नाव घेऊन हाक मारली. तीच वेळ. कासरा ताणलेला हवा, पण ओढायचा नाही.

वेळ पहाटेची. दव असतं, जमीन गार असते, वास खाली राहतो. दहा वाजले की कोरड्या उन्हात वास विरतो आणि कुत्रा उगाच गोंधळतो. त्यात पॉइंटर आखूड केसांचा असला तरी पळायचं थांबत नाही, त्यामुळे उष्माघाताचा धोका त्याला जास्त. एप्रिल-मे मध्ये मी पहाटेचंच काय ते करते.

आता मुख्य गोष्ट. कुत्रा पॉइंटवर गोठला की मागून हळू जा. बोलू नका. कमरेपासून पाठीवरून एक हात फिरवा, केसांच्या दिशेनं, सावकाश. मग दोन बोटं त्याच्या मागच्या मांड्यांवर ठेवून अगदी हलकं पुढे ढकला. तो पुढे जाणार नाही. उलट पाय रोवेल, अंग मागे रेटेल, आणि तुमच्या बोटांना त्याच्या स्नायूंतला ताण जाणवेल. जितकं हलकं ढकलाल तितका तो घट्ट होतो. मामंजींनी माझा हात धरून मला हे दाखवलं होतं. हा रेटा आला की तोंडातून एकच शब्द, लांबवून: "थीऽर." मारून, ओरडून कुत्र्याला थांबवता येतं, पण तो थांबलेला कुत्रा दबलेला असतो, शेपूट खाली येतं, डोळे आपल्याकडे येतात. पाखरावर असलेल्या कुत्र्याचे डोळे आपल्याकडे आले म्हणजे आपण त्याचा पॉइंट मोडला.

शब्द निवडताना घराचा विचार करा. "थांब" हा शब्द आपण दिवसभर पोरांना, दूधवाल्याला, मिक्सरला म्हणतो. म्हणून मी "थीर" घेतला, घरात इतर कुणी तो उच्चारत नाही. शोमध्ये उभं करायचा शब्द वेगळा ठेवा. आमच्याकडे तो "उभा" आहे. "थीर" म्हणजे मी सांगेपर्यंत पाय हलवायचा नाही. "उभा" म्हणजे माझे हात तुझे पाय लावणार आहेत, लावू दे.

पाखरू उडाल्यावर न पळणं ही पुढची पायरी, आणि त्यासाठी कबुतरवाल्याची संध्याकाळ उत्तम. ढाबळ उघडायच्या वेळी पंचवीस-तीस पावलांवर कुत्रा घेऊन उभं राहायचं, कासरा हातात, शब्द एकदाच. थवा फडफडाट करून वर जातो, कुत्रा थरथरतो, पण उभा राहिला तर तिथल्या तिथं पाठीवर हात. कबुतरं गिरक्या मारून घरी येतात, कुणाला इजा नाही. आठवड्यागणिक एकेक पाऊल जवळ जा. थवा उठताच कुत्रा झेपावला तर तुम्ही लवकर जवळ आलात, दहा पावलं मागे जा.

कासरा सुती घ्या, पंधरा-वीस फूट. नायलॉननं हात सोलवटतात.

आवाज

आपल्या गावात आवाजाला तोटा नाही. गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, दिवाळी, डॉल्बी. घाबरलेला कुत्रा पलंगाखाली शिरला की पुन्हा सरळ उभा करायला वर्ष जातं. पिल्लू जेवत असताना आतल्या खोलीत कुणीतरी स्टीलचं ताट खाली ठेवायचं, आपटायचं नाही. खाणं थांबलं नाही तर दुसऱ्या दिवशी ताट जरा जवळ. मिरवणुकीला पिल्लू दाखवायला नेऊ नका. घरात, खिडक्या लावून, तुमच्या पायाशी.

शोसाठी उभं करणं

पॉइंटर हा एफसीआयच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, सातव्या गटातला. गटाचं नावच पॉइंटिंग डॉग्ज, आणि एफसीआयच्या मानकांत पॉइंटरचा क्रमांक एक आहे. उंची नराची ६३ ते ६९ सेंटिमीटर, मादीची ६१ ते ६६. भिंतीला टेप लावून खांद्याची उंची मोजत जा. जज बघतो ती कपाळ आणि नाक यांच्यामधली खोलगट उतरण, मोठ्या नाकपुड्या, तिरके खांदे, आणि बुडाशी जाड व टोकाला निमुळती शेपूट, पाठीच्या रेषेत. शेपूट पाठीवर वळलेली चालत नाही.

सराव आरशासमोर करा. कपड्यांच्या दुकानातला उभा आरसा जुना मिळाला तर घ्या, मी तसाच घेतला आहे. पहिला पुढचा डावा पाय: कोपराला धरून उचला, पंजाला नाही. पंजाला धरलं की कुत्रा पाय ओढून घेतो. पुढचे दोन्ही पाय खांद्याखाली सरळ उभे. मग मागचे, गुडघ्याच्या वरून धरून, टाच ते पंजा हा भाग जमिनीला काटकोनात येईपर्यंत मागे. शेवटी शेपूट दोन बोटांत, टोकाशी, आणि हलकं मागे ओढायचं. इथं वर सांगितलेला रेटा परत भेटतो. मागे ओढलं की पॉइंटर पुढे झुकतो, मान ताठ होते, छाती भरते. ज्यानं परड्यात रेटा शिकला त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पहिले काही दिवस दहा आकडे मोजेपर्यंत. एक मिनिट उभा राहायला लागला की बस्स, त्यावर ताणू नका.

रोज एकदा तोंड उघडून दात बघा, कान बघा, पंजे दाबा. नर असेल तर वृषणांना हात लावून घ्यायची सवय हवी, जज ते तपासतो. दर आठवड्याला वेगळ्या ओळखीच्या माणसाकडून हे करवून घ्या. टोपीवाला, दाढीवाला, चष्म्यावाली काकू, सगळे आले पाहिजेत.

चाल म्हणजे दुडकी. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, रिंगमध्ये गोल घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे कुत्रा जजच्या बाजूला राहतो. मग सरळ जाऊन येणं, आणि त्रिकोण. सरावाला रंकाळा तलावाच्या कडेचा पदपथ सकाळी लवकर चांगला, पण गुळगुळीत फरशीवर पळवू नका. तुमचा वेग कुत्र्याच्या पायाला जुळला पाहिजे. तुम्ही हळू चाललात तर तो एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागतो, आणि ती चाल रिंगमध्ये मार खाते. शेजाऱ्याला मोबाईलवर बाजूनं व्हिडिओ घ्यायला सांगा.

अंग, पाय, पोट

परतीचा पाऊस थांबला की माळावरचं गवत कुसळ धरतं. ते कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं, कानात शिरतं आणि आत आत सरकत जातं. कुत्रा एकाएकी पंजा चाटत बसला किंवा एकाच बाजूला मान झटकत राहिला तर डॉक्टरकडेच जा, घरी चिमट्यानं खेळू नका. तोडणी झालेल्या उसाच्या फडात कुत्रा कधीही घालू नका. बुडखे पंजात सुऱ्यासारखे घुसतात आणि पाचटात घोणस असते. फिरून आल्यावर गोचीड बघायची: कानाच्या पाळीत, काखेत, बोटांच्या मधे. गोचीडतापानं धडधाकट कुत्रं आठवड्यात लोळतं. भूक गेली, ताप आला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर रक्त तपासणी त्याच दिवशी.

छाती खोल असलेल्या या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून दोन जेवणं, आणि पळवण्याच्या आधी व नंतर किमान दोन तास अंतर. आणि एक कळकळीची विनंती: तांबडा-पांढरा रस्सा आणि आपला कांदा-लसूण मसाला कुत्र्याला चमचाभरसुद्धा नाही. कांदा-लसणानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडंही नाहीत, ती चिरफळतात.

शोच्या दिवशी

हंगाम थंडीचा. अंघोळ दोन दिवस आधी, म्हणजे केसांचं तेज परत येतं. नखं आठवडाभर आधी. चालताना फरशीवर टकटक येत असेल तर लांब आहेत. घरचं पाणी सोबत न्या, वेगळ्या पाण्यानं पोट बिघडतं. लसी पूर्ण नसलेलं पिल्लू शोला नेऊ नका, पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा संसर्ग तिथून घरी येतो. आयोजकांकडून वर्ग आणि रिंगची वेळ आधी विचारून घ्या, वर्ग वयावर ठरतात.

रिंगमध्ये जायच्या आधी तासभर कुत्र्याला एका कोपऱ्यात गप्प राहू द्या. फोटोसाठी येणाऱ्यांना नंतर या म्हणून सांगा. आत गेल्यावर खाऊ खिशात एकच प्रकारचा, उकडलेलं चिकन बारीक तुकडे करून, आणि जज दुसऱ्या कुत्र्याकडे असेल तेव्हा तुमचा कुत्रा सैल सोडा. सगळा वेळ ताठ उभा ठेवला तर नेमकं जज वळेल तेव्हा तो कंटाळलेला असतो. निकाल काहीही लागला तरी जजला धन्यवाद म्हणून बाहेर या, आणि बाहेर आल्या आल्या कुत्र्याला पट्टा लांब सोडून वास घेऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सराव नाही. कान, पंजे, गोचीड बघा, दोन दिवस भूक आणि शी नीट आहे का यावर लक्ष ठेवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा परड्यात, पहाटे, राख हवेत सोडून.