वसंतातल्या बंगळुरूची तयारी: आधी तिथी, मग तिकीट

वसंतात बंगळुरूला जाऊन चित्रपट महोत्सव, रामनवमीच्या मैफली आणि करग, म्हणजे द्रौपदीच्या उत्सवातली रात्रीची मिरवणूक, या तिन्हींचा आनंद घ्यायचा असेल, तर तयारीला रेल्वेच्या तिकिटापासून नव्हे, तर पंचांगापासून सुरुवात करावी. कपडे, औषधे, मोबाईलचा चार्जर यांची यादी ज्याची त्याला करता येते, म्हणून ती येथे दिलेली नाही. येथे मुख्यतः तारखांविषयी लिहायचे आहे, कारण गेल्या खेपेस केवळ तारीख नीट न समजल्यामुळे माझा करग हुकला आणि बाहेरगावाहून येणाऱ्या इतरांचेही नेमके तेथेच चुकते.

या तीन गोष्टी तीन वेगळ्या कालगणनांनी चालतात, हे प्रथम मनात पक्के करावे. चित्रपट महोत्सव राज्य सरकारसाठी कर्नाटक चलनचित्र अकादमी भरवते आणि त्याच्या तारखा इंग्रजी महिन्यांप्रमाणे जाहीर होतात. त्या दरवर्षी सरकतात. २०२३ मध्ये तो २३ ते ३० मार्च असा झाला. त्या वर्षी उगादी, म्हणजे आपला गुढीपाडवा, २२ मार्चला आणि रामनवमी ३० मार्चला होती. त्यामुळे दिवसा चित्रपट आणि संध्याकाळी मैफल असा योग आपोआप जुळून आला. २०२५ मध्ये मात्र महोत्सव १ ते ८ मार्चलाच आटोपला, पाडवा ३० मार्चला आला आणि करग १२ एप्रिलच्या रात्री निघाला. एवढे अंतर पडले, तर एका फेरीत सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा आणि निवड करावी. माझे मत विचाराल, तर अशा वर्षी चित्रपट सोडावेत. देशोदेशीचे चित्रपट पुण्याच्या आणि गोव्याच्या महोत्सवांतही पाहता येतात. करग मात्र बंगळुरूच्या पेठांत जाऊनच पाहावा लागतो.

आता करगाच्या तारखेविषयी. हा बंगळुरूतील तिगळ समाजाचा द्रौपदीचा उत्सव आहे. तो अनेक दिवस चालतो, पण ज्यासाठी लाखो लोक जमतात ती मिरवणूक चैत्र पौर्णिमेच्या रात्री तिगळरपेटेतील धर्मराय स्वामी देवळातून निघते. स्त्रीवेष धारण केलेला पुजारी फुलांनी मढवलेला उंच करग, म्हणजे कलश, हात न लावता डोक्यावर तोलून चालतो आणि त्याच्याभोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. वाटेत ही मिरवणूक कॉटनपेटेतील तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही जाते. करग देवळाबाहेर पडतो तो मध्यरात्रीनंतर, कधी त्याहूनही बराच उशिरा, आणि परततो तेव्हा उजाडू लागलेले असते. म्हणून वर्तमानपत्रात ‘१२ एप्रिल’ असे छापलेले असले, तरी घड्याळाप्रमाणे आपल्याला जे पाहायचे असते ते १३ तारखेच्या पहाटे घडते. ही रात्र १२ आणि १३ यांच्या मधली आहे. आपल्या वहीत ती एका तारखेखाली लिहूच नये. दोन्ही तारखा लिहून त्यांच्यामध्ये रेघ ओढावी.

याशिवाय दुसरी काळजी अशी की, चैत्र पौर्णिमा म्हणजे हनुमान जयंती, तेव्हा घरच्या दिनदर्शिकेत ती पाहिली की काम झाले, असे समजू नये. हनुमान जयंती सूर्योदयाच्या तिथीवर धरतात आणि हा उत्सव रात्रीचा आहे. तिथी दोन दिवसांत विभागली गेली, तर घोटाळा होतो. घरच्या दिनदर्शिकेवरून अंदाज घ्यावा, पण देवळाने त्या वर्षासाठी जाहीर केलेली तारीख कळेपर्यंत परतीचे तिकीट काढू नये. ती तारीख कळल्यावरही ती रात्र कोणत्या दोन तारखांच्या मधली आहे, हे पुन्हा एकदा विचारून घ्यावे.

तिकीट काढताना हीच गोष्ट तिसऱ्यांदा तपासावी. मुंबई, पुणे आणि सोलापूरकडून येणाऱ्यांना उद्यान एक्स्प्रेस सोयीची आहे. मुंबईहून ती जवळजवळ पूर्ण दिवस घेते. मिरज, सांगली भागातून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते. परतीचे तिकीट मिरवणुकीच्या छापील तारखेच्या संध्याकाळचे मुळीच काढू नये. माझे तसेच झाले होते: ज्या संध्याकाळी पेठांत दिव्यांच्या माळा लागत होत्या, त्याच संध्याकाळी मला गाडीत बसावे लागले. परतीचे तिकीट छापील तारखेच्या दुसऱ्या दिवशीचे, तेही सकाळचे नव्हे, संध्याकाळचे किंवा रात्रीचे असावे. हॉटेलच्या खोलीचेही तसेच आहे. छापील तारखेच्या दुपारी खोली सोडून दिली, तर सारी रात्र सामान सांभाळत गर्दीत उभे राहावे लागेल. म्हणून खोली दुसऱ्या दिवसापर्यंत घेऊन ठेवावी आणि आरक्षण करताना दोन्ही तारखा मोठ्याने वाचून पाहाव्यात.

खोली कोठे घ्यावी, याचे उत्तर सोपे आहे: मेट्रोच्या हिरव्या मार्गालगत. महोत्सवाचे चित्रपट २०२४ आणि २०२५ मध्ये राजाजीनगरच्या ओरायन मॉलमध्ये होते आणि त्याच्याजवळची महालक्ष्मी व सँडल सोप फॅक्टरी ही स्थानके याच मार्गावर आहेत. मल्लेश्वरमसाठीचे संपिगे रोड, रेल्वे स्थानकाजवळचे मॅजेस्टिक, करगाच्या पेठांसाठी चिकपेटे, मैफलींसाठी कृष्णराजेंद्र मार्केट आणि बसवनगुडीसाठी नॅशनल कॉलेज ही स्थानकेही याच मार्गावर ओळीने येतात. महोत्सवाचे स्थळ बदलू शकते, तेव्हा ते त्या वर्षी पाहून घ्यावे. बाकीची ठिकाणे जागची हलत नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे उतरण्याचा आग्रह झाला, तर एक जेवण त्यांच्याकडे घ्यावे, पण मुक्काम येथेच करावा. बंगळुरूच्या रस्त्यांवरची संध्याकाळ ज्याने अनुभवली आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

मैफलींची तयारी हा या साऱ्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. चामराजपेटेतील श्रीरामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव करत आली आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो आणि उगादी-रामनवमीच्या सुमारास सुरू झालेला उत्सव साधारण महिनाभर चालतो. या उत्सवात एम. एस. सुब्बुलक्ष्मीही गायल्या आहेत आणि भीमसेन जोशीही. आपल्याकडच्या श्रोत्याला हिंदुस्थानी गायकाची एखादी संध्याकाळ तेथे मिळू शकते, पण तेवढीच गाठून परत येणे हा मोठा तोटा आहे. कर्नाटक संगीताची निदान एक पूर्ण कच्चेरी, म्हणजे मैफल, ऐकावी आणि त्यासाठी आधी पंधरा दिवस थोडे कान तयार करावेत. मोहनम ऐकताना भूप ओळखीचा वाटतो, हिंदोलम ऐकताना मालकंस आणि कल्याणी ऐकताना यमन. हे तीन राग घरी ऐकून गेलात, तरी परकेपणा पुष्कळ कमी होतो. आदितालाच्या आठ मात्रा हातावर मोजायला शिकून घ्याव्यात: एक टाळी, तीन बोटे, मग टाळी आणि उलटा हात असे दोनदा. शेजारी बसलेल्या आजोबांचा हात पाहत पाहत तो ताल दहा मिनिटांत अंगवळणी पडतो.

कच्चेरीची रचना ठाऊक नसल्यामुळे लोक चुकीच्या वेळी उठतात. आरंभी बहुधा वर्णम ही सुरुवातीची रचना होते, मग काही कृती, म्हणजे बांधीव भक्तिरचना, त्यानंतर विस्ताराने गायलेली मुख्य रचना, आणि तिला जोडून मृदंग व घटम (मातीचा घडा) यांचे तनी आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचे एकल वादन. हे तनी आवर्तनम म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. त्या वेळी खुर्च्या सरकवत बाहेर जाणारी माणसे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण वादक सारी संध्याकाळ दुसऱ्याच्या गाण्याला साथ देत आलेला असतो आणि ही काही मिनिटे त्याची स्वतःची असतात. कोणी रागम-तानम-पल्लवी, म्हणजे एकाच रागाचा आलाप, लयबद्ध विस्तार आणि एका ओळीवरचा विस्तार, मांडते. शेवटच्या भागात कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे येतात आणि आजकाल पुष्कळदा एखादा मराठी अभंगही येतो. अभंगासाठी थांबायचे असेल, तर आधीचेही ऐकावे.

या मैफली संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. तिकिटांची आणि हंगामी पासांची चौकशी पोचल्याच्या दिवशीच करावी. मोठ्या नावाच्या दिवशी एक तास आधी जागेवर असावे. मांडव उघडा आहे, त्यामुळे डास येतात. डासांचे मलम न विसरता न्यावे आणि ते मांडवात नव्हे, बाहेरच लावून यावे. रामनवमीच्या दिवशी शहरभर पानक, कोसंबरी आणि ताक वाटतात. गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेले पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी चैत्रगौरीच्या पन्ह्याच्या आणि कैरीच्या डाळीच्या अगदी जवळची आहेत. कोणी देऊ केले, तर नको म्हणू नये. त्या दिवशीचा तो प्रसाद असतो. ज्यांना मैदानाऐवजी सभागृह हवे, त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचे चौडय्या स्मारक सभागृह किंवा १९०५ पासूनचा बंगळुरू गायन समाज येथील कार्यक्रम पाहावेत, पण रामनवमीच्या हंगामात माझी पहिली पसंती मांडवालाच राहील.

मैफलीच्या दिवसांतही एका गोष्टीचे भान ठेवावे. ओळीने चार संध्याकाळी जागून करगाच्या दिवशी थकून जाऊ नये. जी रात्र दोन तारखांच्या मधली आहे, तिच्या आदल्या रात्री लवकर झोपावे आणि त्या दिवशी दुपारीही झोप काढावी. रात्री अकराला ‘अजून काहीच दिसत नाही’ म्हणून खोलीवर परतणारी माणसे तारीख बरोबर गाठूनही करग गमावतात.

चित्रपटांची तयारी तुलनेने थोडी आहे. प्रतिनिधी पास आधी काढावा, त्यासाठी छायाचित्र आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. पास म्हणजे राखीव खुर्ची नव्हे. गाजलेल्या चित्रपटासाठी रांग लागते आणि चित्रगृह भरले की पासधारकालाही परत फिरावे लागते. वेळापत्रक हाती येताच प्रत्येक खेळासाठी दुसरी निवडही लिहून ठेवावी. दिवसाला तीन चित्रपट पुरेत. चौथ्यात डोळे मिटतात. ‘चित्रभारती’ या भारतीय चित्रपटांच्या स्पर्धा विभागाकडे लक्ष ठेवावे आणि कन्नड चित्रपटांना तर आवर्जून जावे, कारण ज्या शहरात तो चित्रपट घडला, त्या शहरातील प्रेक्षकांबरोबर तो पाहण्यात वेगळीच मजा असते. महोत्सव हुकला असेल, तर १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सुचित्रा फिल्म सोसायटीचे बनशंकरीतील कार्यक्रम शोधावेत.

खाण्याविषयी फार लिहीत नाही. गांधी बाजारातील विद्यार्थी भवन १९४३ पासूनचे आहे, शुक्रवारी ते बंद असते आणि तेथील रांग धीराने सोसावी. व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली मैफलीनंतर उपयोगी पडते. पाडव्याला ओब्बट्टु, म्हणजे तिकडची पुरणपोळी, मिळेल तेथे खावे.

हवेविषयी एवढेच की, बंगळुरू थंड असते ही समजूत एप्रिलमध्ये सोडून द्यावी. दुपारी ऊन लागते आणि संध्याकाळी वळीव येतो. छत्री मैफलीला चालते, करगाला चालत नाही; त्या गर्दीत ती कोणाच्या तरी डोळ्यात जाईल. तेथे पातळ रेनकोट न्यावा.

करगाच्या रात्रीची तयारी अशी: बंद पायताण, रिकामे हात, आतल्या खिशात थोडे पैसे, पूर्ण चार्ज केलेला मोबाईल. लहान मुलांना नेऊ नये. गर्दीत दम कोंडणाऱ्यांनी देवळाशी न जाता अ‍ॅव्हेन्यू रोडसारख्या मिरवणुकीच्या वाटेवर, एखाद्या दुकानाच्या पायरीशी उभे राहावे. वीरकुमारांची वाट अडवू नये. छायाचित्रासाठी पुढे घुसणे तर मुळीच नको. ज्याच्या डोक्यावर तोललेला करग आहे, त्याच्या तोंडावर प्रकाश मारणे धोक्याचे आहे. रात्री मेट्रो बंद असते आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाही, म्हणून खोली चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हवी. आणि निघण्यापूर्वी, म्हणजे छापील तारखेच्या संध्याकाळी, परतीचे तिकीट एकदा उघडून त्यावरची तारीख बघावी. आजची असेल, तर अजूनही वेळ आहे, ते लगेच बदलावे.

पहाटे परत आल्यावर झोपावे. दुपारी खोली सोडून सामान स्थानकावर ठेवावे, चिकपेटेत खरेदी करायची असल्यास तेव्हाच करावी आणि संध्याकाळच्या गाडीसाठी अर्धा तास आधी फलाटावर असावे.