रास्पबेरी पाय ४ चालू, पण स्क्रीन काळी? आधी हे बघा

रास्पबेरी पाय ४ म्हणजे एकाच बोर्डवरचा छोटा संगणक. त्याचा लाल दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळाच. बोर्ड जळाला असं धरून लगेच नागपूरच्या सीताबर्डी बाजारात नवा घ्यायला निघू नका. बहुतेक वेळा दोष वायरीत किंवा पोर्टात निघतो.

१. मॉनिटरची वायर लावायच्या दोन छोट्या एचडीएमआय पोर्टांपैकी पॉवरच्या टाइप-सी पोर्टाला लागून असलेलं वापरा. मुख्य पोर्ट तेच.

२. मॉनिटर आधी चालू करा, इनपुट निवडा, मग पायला वीज द्या.

३. आता लाल दिव्याकडे थोडा वेळ टक लावून बघा. तो मधूनच विझत असेल, तर वीज कमी पडतेय. व्होल्टेज सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो विझतो. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलच्या चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं असलं, तरी लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतंच. माझ्या मते पहिला खर्च चांगल्या अडॅप्टरवरच करावा. तोवर यूएसबीची हार्डडिस्क, वेबकॅम सगळं काढून फक्त बोर्ड चालवून बघा.

४. हिरवा दिवा ठरावीक ४ किंवा ७ वेळा लुकलुकत असेल, तर एसडी कार्डवरच्या, बोर्ड सुरू करणाऱ्या फाइली सापडत नाहीयेत. कार्डवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बोर्ड गरम होतो म्हणून तो कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या हवेत ओल असते, पिना गंजतात. छोटा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि पंखा लावा.